‘चालतें’ या शब्दाचा अर्थ

मध्यमवर्गीय घरांत नवा संगणक आला म्हणजे जुना लागलीच टाकून दिला जातो असें नाहीं. तो कापडानें झांकून टेबलाच्या कोपऱ्यांत ठेवला जातो, आणि कांहीं दिवसांनीं घरांतील शाळकरी मुलाच्या वाट्याला येतो. त्यावर मायक्रोसॉफ्टची विंडोज ७ असते. मुलाला शाळेंत पायथॉन नांवाची संगणकाची भाषा शिकवूं लागलेले असतात, आणि ती कोणालाहि विनामूल्य मिळते हेंहि त्याला ठाऊक झालेलें असतें. तो पायथॉनच्या संकेतस्थळावर जातो, डाउनलोडच्या पानावर पोंचतो, आणि तेथें त्याच्या दृष्टीस एक लहानशी सूचना पडते: पायथॉनची ३.९ ही आवृत्ति व तिच्या पुढील आवृत्त्या विंडोज ७ वर किंवा तिच्याहून जुन्या विंडोजवर वापरतां येणार नाहींत.

सूचना साधी आहे. तींत दिलगिरी नाहीं, समजूत घालणें नाहीं, नवा संगणक घेण्याचा आग्रहहि नाहीं. परंतु त्या एका ओळीनें मुलाची एक संध्याकाळ वांचते. ती ओळ नसती तर त्यानें मोठी फाइल उतरवून घेतली असती, ती चालविण्याचा खटाटोप केला असता, अर्थबोध न होणारा एखादा संदेश पाहिला असता, आणि शेवटीं आपल्यालाच हें जमत नाहीं असा ग्रह करून घेतला असता. आतां तो मागें वळून ३.८ ही आवृत्ति घेतो, आणि ती त्याच्या संगणकावर चालते.

मात्र गोष्ट येथें संपत नाहीं. ३.८ ही आवृत्ति ऑक्टोबर २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें तिची देखभाल थांबली. तींत यापुढें एखादें सुरक्षिततेचें छिद्र आढळलें तर तें बुजविण्याची जबाबदारी पायथॉनच्या कार्यकर्त्यांनीं आपल्याकडे ठेवलेली नाहीं. हेंहि संकेतस्थळावर लिहिलेलें आहे. पण निराळ्या पानावर. म्हणजे ‘माझ्या संगणकावर हें चालतें काय’ असा एकच प्रश्न मनांत धरून आलेल्या मुलाला वस्तुतः दोन उत्तरें हवीं होतीं. चालतें, हें एक. आणि चालतें त्याची काळजी कोण घेतो, हें दुसरें. या दोन उत्तरांमधील अंतर किती मोठें आहे, आणि तें एखाद्या पानावर सरळपणें कसें मांडावें, हा मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मंडळींपुढचा एक खरा प्रश्न आहे. वरवर पाहतां तो केवळ कोष्टकें आंखण्याचा वाटतो.

दुकानांत विकत घेतलेल्या वस्तूच्या खोक्यावर ती कशाशीं जुळते हें छापलेलें असतें, आणि तें खोटें निघालें तर ग्राहक दुकानदाराकडे जाऊं शकतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचें तसें नाहीं. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली असते. कोणीहि ती वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. पुष्कळदां ती स्वयंसेवकांनीं लिहिलेली असते, आणि तिच्या परवान्यांत बहुधा स्पष्ट लिहिलेलें असतें कीं ही वस्तु जशी आहे तशी दिली आहे, तिची कसलीहि हमी नाहीं. कायद्याच्या भाषेंत वचन कांहींच नाहीं. म्हणूनच संकेतस्थळावरील जुळणीच्या पानाला महत्त्व येतें. वापरणाऱ्याच्या दृष्टीनें व्यवहारांतलें वचन काय तें तेवढेंच.

शिवाय संहिता खुली असल्यामुळें आणखी एक घोटाळा होतो. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें ऑगस्ट १९९१ मध्यें आपल्या नव्या कार्यप्रणालीची, म्हणजे पुढें लिनक्स म्हणून प्रसिद्ध झालेल्या वस्तूची, वर्दी दिली, तेव्हां ती ३८६ या इंटेलच्या प्रोसेसरला बांधलेली आहे व दुसऱ्या यंत्रांवर नेण्याजोगी नाहीं असें त्यानें स्वतःच सांगून टाकलें होतें. जुळणीविषयीं इतकी प्रामाणिक सूचना क्वचितच कोणीं दिली असेल. आणि इतकी चुकीची ठरलेलीहि दुसरी सांपडणें कठीण. १९९५ सालीं लिनक्सच्या १.२ या आवृत्तींत डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरला जागा मिळाली, आणि मग एकामागून एक इतर यंत्रें आलीं. १९९३ मध्यें सुरू झालेल्या नेटबीएसडी या प्रकल्पानें तर शक्य तितक्या निरनिराळ्या यंत्रांवर चालणें हाच आपला बाणा ठरविला. संहिता हातीं असल्यावर कोणीहि हौशी मनुष्य ती आपल्या यंत्रावर नेऊन बसवूं शकतो. त्याला मूळ लेखकाची परवानगी लागत नाहीं, आणि मूळ लेखकाला तें कळतेंच असेंहि नाहीं. तेव्हां ‘हें कोठें कोठें चालतें’ या प्रश्नाचें पूर्ण उत्तर एका मनुष्यापाशीं असूंच शकत नाहीं.

या अडचणींतून वाट काढण्याचा जो प्रयत्न रस्ट या भाषेच्या मंडळींनीं केला आहे तो बारकाईनें पाहण्यासारखा आहे. रस्टच्या दस्तऐवजांत आधार मिळणाऱ्या यंत्रांचें एक लांबलचक पान आहे. प्रत्येक यंत्राला तेथें प्रोसेसर, निर्माता व कार्यप्रणाली अशा तुकड्यांचें जोडनांव आहे. यांतील निर्मात्याच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं ‘अननोन’, म्हणजे अज्ञात, असा शब्द येतो; प्रथमच पाहणाऱ्याला आपलें यंत्र अज्ञातकुलशील ठरविलें गेल्यासारखें वाटावें, परंतु तो निव्वळ नामकरणाचा संकेत आहे. महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. या यादीचे तीन वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या श्रेणींतील यंत्राविषयीं सांगितलें आहे कीं भाषा त्यावर खात्रीनें चालेल. कारण संहितेंत होणारा प्रत्येक बदल त्या यंत्रासाठीं आपोआप तपासला जातो, आणि चाचणी उतरल्याखेरीज बदल स्वीकारला जात नाहीं. दुसऱ्या श्रेणींत खात्री आहे ती केवळ बांधणीची. त्या यंत्रासाठीं भाषा तयार होते, तयार झालेली फाइल संकेतस्थळावरून मिळते. ती नीट चालते कीं नाहीं हें दरवेळीं तपासलेलें असतेंच असें नाहीं. तिसऱ्या श्रेणींतील यंत्रांविषयीं इतकेंच म्हणतां येतें कीं त्यांच्याकरितां संहितेंत तरतूद आहे. प्रकल्पाकडून त्यांची बांधणी नाहीं, चाचणी नाहीं, तयार फाइलहि नाहीं. चाललें तर चाललें.

येथें ‘चालतें’ या एका शब्दाचीं तीन शकलें केलेलीं आहेत, आणि तीं करणें अवश्य होतें. रेल्वेच्या वेळापत्रकांत एखाद्या स्टेशनचें नांव असलें म्हणजे प्रत्येक गाडी तेथें थांबते असें कोणी समजत नाहीं. थांबणारी गाडी कोणती व केवळ पुढून जाणारी कोणती हें वेळापत्रकांतच निराळें दाखवावें लागतें. पूर्वींच्या पुष्कळ प्रकल्पांनीं आपल्या पानावर नुसतीं स्टेशनांचीं नांवें छापलीं होतीं.

पायथॉनच्या मंडळींनीं २०२२ सालीं अशाच तीन श्रेणी स्वीकारल्या, आणि त्यांत एक भर घातली ती विशेष मोलाची आहे. त्यांच्या नियमांप्रमाणें पहिल्या श्रेणीच्या यंत्रांची जबाबदारी सर्व मुख्य कार्यकर्त्यांवर असते. दुसऱ्या श्रेणींत यावयाचें तर त्या यंत्रावर सतत चालू राहणारी, भरंवशाची चाचणीची सोय पाहिजे, आणि निदान दोन मुख्य कार्यकर्त्यांनीं आपलें नांव त्या यंत्रापुढें लिहून द्यावयास पाहिजे. त्या यंत्रावर कांहीं बिघडलें तर बिघाड करणारा बदल चोवीस तासांत दुरुस्त तरी व्हावा किंवा मागें तरी घेतला जावा; तोंवर नवी आवृत्ति प्रसिद्ध होत नाहीं. तिसऱ्या श्रेणीला चाचणीची सोय व एक नांव पुरतें. पण तिच्यासाठीं प्रकाशन अडून राहत नाहीं. हीं नांवें कोष्टकांत यंत्राच्या शेजारींच छापलेलीं असतात. म्हणजे कोष्टकांतील ओळ ही यंत्राच्या अंगच्या गुणाची नोंद नसून कोणा माणसानें पत्करलेल्या कामाची नोंद आहे, हें वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतें.

ही काळजी कशासाठीं, असें कोणाला वाटेल. त्याचें उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्यें घडलेल्या एका प्रकरणांत सांपडतें.

पायथॉनमध्यें क्रिप्टोग्राफी नांवाचा एक संहितासंग्रह आहे. संदेश गुप्त लिपींत घालणें, प्रमाणपत्रें तपासणें वगैरे कामें तो करितो. त्याचें नांवहि न ऐकलेले असंख्य लोक तो वापरीत असतात. कारण त्यांनीं घेतलेलें दुसरेंच एखादें सॉफ्टवेअर आंतून त्यावर अवलंबून असतें. मुंबईंतल्या चाळीच्या नळाला येणारें पाणी विहारचें कीं तानसाचें, हें भाडेकरूला कोठें ठाऊक असतें? पाणी यावयाचें थांबलें म्हणजे मात्र तलावाचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. तसेंच येथें झालें. क्रिप्टोग्राफीच्या ३.४ या आवृत्तींत तिच्या चालकांनीं रस्ट भाषेचा उपयोग सुरू केला. कारण सबळ होतें. जुन्या सी भाषेंत स्मृतीच्या वापरासंबंधीं चुका सहज राहून जातात, आणि गुप्तलेखनाच्या संहितेंत तशी एक चूक किती महाग पडते हें एप्रिल २०१४ मध्यें ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड या दोषानें जगाला दाखविलें होतें. रस्ट भाषेची रचनाच अशी आहे कीं या जातीच्या बहुतेक चुका बांधणीच्या वेळींच पकडल्या जातात.

ज्यांना तयार फाइल मिळत होती त्यांना या बदलाची चाहूलहि लागली नाहीं. परंतु ज्यांच्या यंत्रावर हा संग्रह मूळ संहितेपासून बांधावा लागत होता त्यांची बांधणी एका रात्रींत अडली, कारण आतां त्यांच्याजवळ रस्टहि असणें भाग होतें. यांत दोन निरनिराळे वर्ग होते, आणि त्या वेळच्या वादांत त्यांची बरीच सरमिसळ झाली. पहिल्या वर्गाचे प्रोसेसर अगदीं नेहमींचे. पण त्यांच्याकडे अल्पाइन लिनक्स होतें. ही आटोपशीर प्रणाली सी भाषेचा निराळा मूळसंग्रह वापरते, आणि तिच्याकरितां तयार फाइल त्या वेळीं मिळत नव्हती. या लोकांना रस्ट बसवून घेणें शक्य होतें, चालकांनीं ३.४ पुरती रस्ट टाळण्याची एक खुबीहि ठेविली होती. त्यांचा त्रास खरा, पण चार दिवसांचा. दुसरा वर्ग संख्येनें लहान आणि परिस्थितीनें अधिक बिकट. अल्फा, एचपी कंपनीचा पीए-रिस्क, मोटोरोलाचा ६८०००, आयबीएमचा जुना एस३९०, अशा यंत्रांवर लिनक्स चालविणारे हे लोक. त्यांच्या प्रोसेसरसाठीं त्या वेळीं रस्टच उपलब्ध नव्हतें. जेन्टू या लिनक्स वितरणाच्या एका कार्यकर्त्यानें अशा यंत्रांची यादी देऊन, ती सर्व यामुळें बाहेर पडतात, असें चालकांच्या नजरेस आणलें.

पुढें जो वाद झाला तो दीर्घ आणि कडवट होता. अखेर तो बंद करावा लागला. एक पक्ष म्हणे, काल चालणारी वस्तु आज तुम्ही मोडलीत, आणि तीहि ३.३ वरून ३.४ अशा किरकोळ दिसणाऱ्या आंकड्याखालीं. दुसरा पक्ष म्हणे, या यंत्रांना आम्हीं आधार दिलाच कधीं होता? त्यावर आमची वस्तु चालत होती हा योगायोग. ती बरोबर चालते कीं नाहीं हें आम्हीं एकदांहि पाहिलें नव्हतें, आणि गुप्तलेखनाच्या बाबतींत न तपासलेली वस्तु चालणें हें न चालण्यापेक्षां अधिक धोक्याचें. त्याच महिन्याच्या अखेरीस एका प्रोग्रामरनें लेख लिहून हाच मुद्दा पुढें नेला. विक्षिप्त यंत्रांचा आधार गेला असें म्हणणेंच चुकीचें, तो मुळांत नव्हता, असा त्याच्या लेखाचा रोख होता.

आतां या वादांत जुळणीच्या पानाची साक्ष काढली तर काय दिसतें? क्रिप्टोग्राफीच्या दस्तऐवजांत बसविण्यासंबंधींचें जें पान आहे त्यांत कार्यप्रणालींची यादी आहे, आणि तिच्या आरंभीं शब्द आहेत ते, आम्ही अमुक प्रणालींवर चाचणी घेतों, असे. ‘चालतें’ असा दावा नाहीं, ‘आधार आहे’ असाहि नाहीं. केवळ चाचणी घेतों. शब्दयोजना काटेकोर आहे आणि प्रामाणिकहि. त्या यादींत अल्फाचें नांव नव्हतें, पीए-रिस्कचें नव्हतें. तेव्हां कागदोपत्रीं चालकांनीं कोणतेंहि वचन मोडलें नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे.

तरीहि सारा दोष वाचणाऱ्यांवर टाकून मोकळें होतां येत नाहीं. वर्षानुवर्षें वस्तु चालत आहे, पानावर तिच्याविरुद्ध एक अक्षर नाहीं, अशा स्थितींत मौनाचा अर्थ होकार असा लावणें हा मनुष्यस्वभावच आहे. यादींत काय आहे तें पान सांगत होतें. यादींत जें नाहीं त्याविषयीं तें गप्प होतें. रस्टच्या पानावरील तिसरी श्रेणी निरुपयोगी वाटते, कारण तींत कसलीच हमी नाहीं. पण तिचें खरें काम येथें दिसून येतें. जें तपासलेलें नाहीं तें तपासलेलें नाहीं असें लिहून ठेवावयास जागा लागते. रिकाम्या रकान्यांत जो तो आपल्या इच्छेप्रमाणें उत्तर भरतो.

प्रकरणाचा पुढचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें क्रिप्टोग्राफीची जी आवृत्ति आली तिला एकदम ३५.० हा आंकडा देण्यांत आला. आवृत्त्यांचे आंकडे मोजण्याची पद्धतिच बदलली. अल्पाइनसारख्या प्रणालींसाठीं तयार फाइल मिळूं लागली. आणि मोटोरोलाच्या ६८००० च्या अभिमान्यांनीं खटपट करून रस्टच्या पानावर तिसऱ्या श्रेणींत आपल्या यंत्राची एक ओळ मिळविली.

पानावरील यादी खरी असूनहि वाचणाऱ्याला फसवूं शकते, आणि त्याचें कारण पुष्कळदां नुसतीं नांवें हेंच असतें. डेबियन या लिनक्स वितरणाच्या संकेतस्थळावर गेलेल्या गृहस्थाला ‘एएमडी६४’ असें लिहिलेली फाइल दिसते. त्याच्या संगणकावर इंटेलची चिठ्ठी चिकटवलेली असते. साहजिकच ही फाइल आपल्यासाठीं नव्हे असें समजून तो ‘आय३८६’ असें लिहिलेली फाइल शोधूं लागतो, कारण तेंच नांव त्याला इंटेलच्या घराण्यांतलें वाटतें. वस्तुस्थिति अशी आहे कीं ६४ बिटांची ही रचना एएमडी कंपनीनें आधीं काढली, २००३ सालीं तिचा ऑप्टेरॉन हा प्रोसेसर बाजारांत आला, आणि इंटेलनें ती नंतर स्वीकारली. डेबियननें आद्यप्रवर्तकाचें नांव कायम ठेविलें. इतिहासाच्या दृष्टीनें हें न्याय्यच. पण इंटेलच्या ग्राहकाला तें कोणीं सांगावें? म्हणून डेबियनच्या दस्तऐवजांत, हें नांव इंटेलच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरनाहि लागू आहे, असा खुलासा करावा लागला आहे. ‘आय३८६’ या नांवाची गंमत तर उलट दिशेची आहे. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्मास आलें त्याचा आधार खुद्द लिनक्सच्या गाभ्यांतूनच २०१३ मध्यें, ३.८ या आवृत्तींत, काढून टाकण्यांत आला. यंत्र गेलें, त्याच्या नांवाची पाटी मात्र त्यानंतरहि कित्येक वर्षें दारावर होती.

या पाटीविषयीं अलीकडे मोठा निर्णय झाला, आणि जुनीं यंत्रें बाळगणाऱ्या घरांशीं त्याचा सरळ संबंध आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं डेबियनची तेरावी आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठीं ना लिनक्सचा गाभा दिला आहे ना प्रणाली बसविण्याची फाइल. ‘आय३८६’चीं पॅकेजें उरलीं आहेत तीं ६४ बिटांच्या यंत्रावर जुनें सॉफ्टवेअर चालवितां यावें एवढ्यासाठीं. प्रकाशनाबरोबरच्या टिपणांत हें कोठेंहि लपविलेलें नाहीं. ३२ बिटांची डेबियन वापरणाऱ्यांनीं तेराव्या आवृत्तीकडे जाऊं नये. यंत्र ६४ बिटांचें असेल तर ‘एएमडी६४’ नव्यानें बसवावी, नसेल तर तें यंत्र निवृत्त करावें, असा स्पष्ट सल्ला तेथें आहे. ज्याला निवृत्ति मान्य नाहीं त्याला बारावी आवृत्ति आहे. तिची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत चालावयाची आहे. ‘नाहीं’ कसें लिहावें याचा हा चांगला नमुना होय. काय बंद झालें, कोणासाठीं, केव्हांपासून, आणि त्या मनुष्यानें आतां करावें काय, हीं चारहि उत्तरें एके ठिकाणीं मिळतात. त्याच आवृत्तींत रिस्क-पांच या नव्या घडणीच्या प्रोसेसरला प्रथमच अधिकृत स्थान मिळालें, ही बातमी वर्तमानपत्रांना अधिक रुचणारी; परंतु कपाटावरच्या जुन्या संगणकाच्या मालकाला पहिलीच बातमी अधिक उपयोगाची.

पानाच्या मांडणीविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ संकेतस्थळें हल्लीं पाहुण्याची कार्यप्रणाली आपोआप ओळखतात आणि त्याच्यापुढें एकच मोठें बटण ठेवितात. सोय उत्तम, परंतु ती असें गृहीत धरिते कीं ज्या यंत्रावरून पान पाहिलें जात आहे त्याच यंत्रावर सॉफ्टवेअर बसवावयाचें आहे. घरीं इंटरनेट मंद म्हणून कचेरींतल्या संगणकावर फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर घरीं नेणारा कारकून, किंवा मोबाइलवर पान वाचून आजोबांच्या संगणकाविषयीं चौकशी करणारी नात, यांना त्या बटणाचा उपयोग नाहीं. त्यांना पूर्ण यादी हवी असते, आणि ती बटणाच्या खालीं बारीक अक्षरांत दडलेली असते. ती दडवूं नये, इतकी अपेक्षा फार नव्हे.

जेथें तपासावयाच्या वस्तूंची संख्याच अफाट, तेथें प्रकल्पाचे लोक तरी किती पुरे पडणार? विंडोजसाठीं लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालविणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. कोणता प्रोग्राम त्यावर कितपत चालतो याची नोंद ठेवण्याचें काम त्यानें वापरणाऱ्यांवरच सोंपविलें. त्यांच्या नोंदवहींत प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा पायऱ्या आहेत, आणि शेवटची पायरी सरळ ‘कचरा’ या अर्थाच्या शब्दानें दाखविली आहे. असा स्पष्टवक्तेपणा सभ्य कोष्टकांत विरळा. परंतु नोंदवहीचें खरें मोल पदकांत नाहीं. वाइनची कोणती आवृत्ति, कोणतें लिनक्स, कोणत्या तारखेला पाहिलें, हें प्रत्येक नोंदीबरोबर लिहिलेलें असतें. दहा वर्षांपूर्वींचें सुवर्णपदक आज कितीसें विश्वसनीय, याचा निवाडा त्यामुळें वाचणारा स्वतःच करूं शकतो. तारीख नसलेलें ‘चालतें’ हें मुदत न छापलेल्या औषधाच्या बाटलीसारखें आहे.

कारण कोष्टकांतील ओळी स्थिर नसतात. डिसेंबर २०२० च्या अखेरच्या दिवशीं रस्टच्या १.४९ या आवृत्तींत ६४ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवरील लिनक्स पहिल्या श्रेणींत चढलें. त्याच वर्षाच्या आरंभीं अॅपलच्या ३२ बिटांच्या यंत्रांना तिसऱ्या श्रेणींत उतरविण्याचें जाहीर झालें होतें. अॅपलनेंच २०१९ च्या आपल्या मॅक प्रणालींत ३२ बिटांच्या प्रोग्रामांना रजा दिली होती. सप्टेंबर २०२५ मध्यें रस्टच्या १.९० या आवृत्तींत इंटेलचे प्रोसेसर असलेले मॅकहि पहिल्या श्रेणींतून दुसरींत आले. त्यांच्या मालकांचें यंत्र त्या दिवशीं कांहीं बिघडलें नाहीं. ज्या यंत्रांवर चाचण्या घ्यावयाच्या तीं फुकट मिळण्याची सोय संपत आली होती, आणि चाचणीवांचून पहिली श्रेणी ठेवणें म्हणजे खोटें लिहिणें झालें असतें.

उतरलेली ओळ पुन्हां चढूं शकते काय? पायथॉनच्या कोष्टकांत याचें ताजें उदाहरण आहे. एमस्क्रिप्टेन या साधनामुळें पायथॉन संगणकावर न बसवितां थेट ब्राउझरमध्यें चालवितां येतो. विंडोज ७ घेऊन बसलेल्या शाळकरी मुलाला ही वाट उपयोगी पडेल कीं नाहीं, हें त्याच्या ब्राउझरच्या वयावर अवलंबून. पायथॉन ३.११ च्या सुमारास ही जुळणी तिसऱ्या श्रेणींत होती. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तींत ती यादींतून काढण्यांत आली, आणि तसें स्पष्ट लिहिण्यांत आलें. संहिता बरीचशी होती तेथेंच होती. ब्राउझरमधला पायथॉन पायोडाइड या नांवानें लोक वापरीतहि होते. नव्हतें तें एवढेंच, कीं प्रकल्पाच्या वतीनें रोज तिच्याकडे पाहणारें कोणी. मग कांहीं कार्यकर्त्यांनीं रीतसर प्रस्ताव मांडला, चाचणीची सोय उभी केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें आलेल्या ३.१४ बरोबर एमस्क्रिप्टेनची ओळ तिसऱ्या श्रेणींत परत आली. तिच्यापुढच्या रकान्यांत आतां नांवें आहेत.